जुन्या हिशेबाचे बिऱ्हाड

पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल पुण्यात सुखरूप आहेत, पण ते वाचू शकणारे विरळ होत चालले आहेत, ही खंत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, म्हणून अठराव्या शतकातील कारभाराचा मोठा भाग निदान छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आला. कागदाच्या बाबतीत दोनच गोष्टी लागतात, कागद आणि तो वाचणारा. विसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कचेऱ्यांचे हिशेब संगणकावर गेले आणि तिसऱ्या गोष्टीची गरज उत्पन्न झाली. ही तिसरी गोष्ट म्हणजे ज्या वातावरणात तो हिशेब झाला ते संपूर्ण वातावरण: यंत्र, त्यावरील कार्यप्रणाली, भाषेचा संकलक, धारिका वाचणारी उपसाधने आणि त्या साऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या. यातील एक दुवा निखळला की माहिती जागच्या जागी असूनही नसल्यासारखीच होते.

बंगळुरूतील एका केंद्रीय कार्यालयात २०२२ मध्ये आम्हांला असे एक वातावरण नव्याने उभारावे लागले. कार्यालयाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्या साधनाने ते उभारले त्या ‘कंटेनर’ नामक साधनाच्या घडणीत याच शहराचा वाटा आहे, आणि तो इतिहास मराठीत मांडलेला माझ्या वाचनात नाही. माझ्या वाचकांपैकी अनेक जण घरापासून दूर, याच व्यवसायात आहेत. त्यांना पुढील काही परिच्छेद बाळबोध वाटतील. ते त्यांनी उदार मनाने सोसावेत.

प्रथम प्रकरण सांगतो. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी १९९६ पासून लागू झाल्या आणि त्या तारखेपूर्वी निवृत्त झालेल्यांच्या निवृत्तिवेतनाचे आदेश ऑक्टोबर १९९७ मध्ये निघाले. सूत्र असे होते: मूळ निवृत्तिवेतन, त्यावर निर्देशांक १५१० पर्यंतची महागाई, ५० रुपयांचा पहिला अंतरिम दिलासा, मूळ रकमेच्या १० टक्के, पण किमान ५० रुपये, इतका दुसरा अंतरिम दिलासा, आणि मूळ रकमेच्या ४० टक्के इतके वाढीव वजन. महागाईचा दर सरसकट नव्हता. १,७५० रुपयांपर्यंत १४८ टक्के, त्यावर ३,००० पर्यंत १११ टक्के आणि त्याहून अधिक रकमेस ९६ टक्के. असे टप्पे पाडले की उंबरठ्यावरच्या माणसाचे नुकसान होते: १,७५० रुपयेवाल्यास २,५९० रुपये महागाई मिळणार आणि १,८०० रुपयेवाल्यास १,९९८. म्हणून दुसऱ्या टप्प्यास ‘किमान २,५९०’ आणि तिसऱ्यास ‘किमान ३,३३०’ अशी अट जोडलेली होती. आदेशातील हा छोटासा शब्दप्रयोग पुढे महत्त्वाचा ठरला.

आमच्या कार्यालयात त्या वेळी ही आकडेमोड कोबोल भाषेतील एका आज्ञावलीने झाली. ती युनिक्सवर लिहिली गेली होती. पुढे कोणीतरी ती सेंटओएस ६ या लिनक्स वितरणावर, ओपनकोबोल या मुक्त संकलकाच्या आधारे हलविली. हलविणाऱ्याने काम चोख केले आणि त्याविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही. मूळ लेखक गृहस्थ तोपर्यंत स्वतःच निवृत्तिवेतनधारक झाले होते.

सातव्या आयोगानंतर १२ मे २०१७ च्या आदेशाने २०१६ पूर्वीच्या सर्व निवृत्तांचे वेतन मधल्या प्रत्येक आयोगाच्या श्रेणीत कल्पनेने निश्चित करून त्यावरून निवृत्तिवेतन ठरवावे असे झाले. ही काल्पनिक निश्चितीची रीत अगदी नवी नव्हे. १९८६ पूर्वीच्या निवृत्तांसाठी १० फेब्रुवारी १९९८ च्या आदेशाने ती आधीच वापरात आली होती. जुलै २०१७ मध्ये तुलनात्मक तक्ते निघाले आणि बहुतेक कार्यालयांचे काम सोपे झाले. परंतु त्या तक्त्यात शिरण्यासाठी निवृत्तीच्या दिवशीचा पगार आणि श्रेणी ठाऊक असावी लागते. ज्यांची सेवापुस्तके वाळवीने किंवा स्थलांतराने नाहीशी केली, त्यांच्याबाबत शाखा उलट दिशेने गणित करू लागल्या.

असे एक प्रकरण माझ्यासमोर आले. १९९३ मध्ये निवृत्त झालेले, वयाची सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण केलेले एक गृहस्थ. आकडे सोयीसाठी गोल करून देतो. त्यांचे जुने मूळ निवृत्तिवेतन १,८०० रुपये होते, असे ते म्हणत. कागद त्यांच्यापाशीही नव्हता. बँकेच्या नोंदीप्रमाणे १९९६ पासून त्यांना ५,३४० रुपये मिळाले. शाखेने तक्ता-पत्रकावर गणित मांडले आणि उत्तर ४,७४८ आले. फरक ५९२ रुपयांचा. सहाव्या आयोगाच्या २.२६ आणि सातव्याच्या २.५७ या गुणकांतून तो फरक पुढे नेला की मूळ निवृत्तिवेतनात दरमहा ३,४३८ रुपयांची ‘जादा अदायगी’ दिसू लागते. निवृत्तांकडून अशी वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे आणि मार्च २०१६ मध्ये केंद्र शासनानेही त्यानुसार आदेश काढले. तेव्हा वसुलीची भीती नव्हती. पुढील निवृत्तिवेतन घटविण्याचा प्रस्ताव मात्र टिपणीत होता, आणि टिपणीवर दोन सह्याही झालेल्या होत्या.

मूळ आदेश काढून पाहताच ‘किमान २,५९०’ सापडले. शाखेच्या पत्रकात ती अट नव्हती, कारण ज्या गोषवाऱ्यावरून पत्रक बनविले त्यात ती नव्हती. पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. मूळ रक्कम १,८०० च होती याला पुरावा काय, असे शाखेने विचारले आणि ते विचारणे रास्तच होते. पुरावा होता तो त्या कोबोल आज्ञावलीच्या धारिकांत. आणि त्या धारिका असलेले यंत्र काही वर्षांपूर्वी बंद पडले होते. तबकडीची नक्कल तेवढी शिल्लक होती.

नवी आज्ञावली लिहून या धारिका वाचाव्यात, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही. ओपनकोबोलच्या अनुक्रमित धारिका बर्कली डीबी या साधनाच्या विशिष्ट आवृत्तीने बांधलेल्या असतात; नव्या आवृत्तीला त्या वाचता येतीलच असे नाही. रकमा कोबोलच्या आवळलेल्या दशमान पद्धतीने, एका बाइटमध्ये दोन अंक अशा, साठविलेल्या. शिवाय कोबोल स्पष्ट सांगितल्याखेरीज अपूर्णांक पूर्णांकित करीत नाही, सरळ छाटतो. प्रत्येक घटक वेगळा वरच्या रुपयास न्यायचा की बेरीज झाल्यावर एकदाच, यावरून एकेका प्रकरणात रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो. १९९७ मध्ये आमच्या कार्यालयाने प्रत्यक्षात काय केले, याची साक्ष आदेश देत नाही. ती आज्ञावली देते. साक्षीदाराच्या जागी त्याची भूमिका करणारा नट उभा करण्यात काय अर्थ?

म्हणून जुने वातावरणच उभे करावयाचे ठरले. आता कंटेनर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

पुण्यातील जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. पाया एक, विहीर एक, दिंडी दरवाजा एक. आत मात्र प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी, कोठीची खोली निराळी आणि शेजारच्या घरात काय शिजते याची, निदान तत्त्वतः, खबर नाही. कंटेनर हे असे बिऱ्हाड आहे. यंत्राची कार्यप्रणाली, तिचा गाभा ज्यास कर्नल म्हणतात, तो सर्वांना मिळून एक; त्यावर प्रत्येक आज्ञावलीला आपापली धारिकांची मांडणी, आपापली उपसाधने. याउलट आभासी यंत्र म्हणजे स्वतंत्र बंगला, स्वतःच्या विहिरीसकट.

बिऱ्हाडे वेगळी करण्याची कल्पना जुनी आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये, ‘सीएचरूट’ ही सोय आली. तिने आज्ञावलीला एका खोलीत बसवून हेच सारे जग आहे असे सांगता येई. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले, २००५ च्या सोलारिस १० मध्ये ‘झोन’ आले. लिनक्समध्ये भिंती हळूहळू चढल्या: २००२ पासून पुढे एकेक ‘नेमस्पेस’, म्हणजे नावांचे स्वतंत्र दप्तर. पण भिंती बांधल्याने विहिरीचा प्रश्न सुटत नाही. एका बिऱ्हाडाने पहाटे उठून सगळे पाणी उपसले तर बाकीच्यांनी काय करावे?

हा वाटपाचा प्रश्न आहे, आणि येथे बंगळुरूचा प्रवेश होतो. गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये प्रक्रियांचे गट करण्याची चौकट मांडण्यास आरंभ केला. तिचे पहिले नाव ‘प्रोसेस कंटेनर’. त्या शब्दाचे कर्नलमध्ये अगोदरच अनेक अर्थ होत होते म्हणून २००७ च्या अखेरीस ते ‘कंट्रोल ग्रुप’ असे झाले. चौकट म्हणजे केवळ शिधापत्रिका. धान्य कसे मोजायचे ते ठरविणारे हात निराळे होते. त्यांपैकी दोन महत्त्वाचे भाग आयबीएमच्या लिनक्स तंत्रज्ञान केंद्राच्या बंगळुरू शाखेतील अभियंत्यांनी लिहिले. श्रीवत्स वड्डगिरी यांनी प्रक्रियकाच्या वेळेचे गटवार वाटप केले, ते जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत आले. बलबीर सिंग यांनी स्मृतीच्या वाटपाचा भाग लिहिला, त्यास ओपनव्हीझेडच्या पावेल एमेल्यानोव यांची जोड होती. तो त्याच वर्षीच्या २.६.२५ मध्ये समाविष्ट झाला. या नावांची नोंद शोधण्यास अभिलेखागारात जावे लागत नाही. कर्नलच्या त्या त्या धारिकेच्या शिरोभागी, ‘आयबीएम कॉर्पोरेशन, २००७’ या ओळीखाली, ती लिहिलेली आहेत. जगातील किती यंत्रांवर ती धारिका चालते याचा विचार केला म्हणजे आपल्याकडे या कामाची वार्ता किती थोड्यांना आहे याचे नवल वाटते. बंगळुरूच्या संगणक-उद्योगाचे जे गुणगान होते त्यात इमारती असतात, बाजारमूल्ये असतात. दुसऱ्याने फुकट वापरावे म्हणून लिहिलेल्या या काही हजार ओळी नसतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या दोन भागांतील फरक रंजक वाटेल. प्रक्रियकाचा वेळ हिश्श्यांनी वाटला जातो. एका गटाला १,०२४ हिस्से, दुसऱ्याला ५१२. पण पहिल्याला गरज नसेल तेव्हा दुसऱ्याने सगळा वेळ वापरावा, शिल्लक वाया जात नाही. स्मृतीला हे लागू करता येत नाही, कारण एकदा व्यापलेली जागा परत मागावी लागते आणि मागितली की कोणाचे तरी काम अडते. म्हणून तेथे मर्यादा घातली जाते. ती ओलांडू पाहणाऱ्याकडून आधी जुनी पाने काढून घेतली जातात आणि तेही पुरले नाही तर त्याचीच एखादी प्रक्रिया बंद पाडली जाते. पहिली रीत वित्त आयोगाच्या करवाटपासारखी, दुसरी अर्थसंकल्पीय अनुदानासारखी; फक्त आमच्याकडे मार्चअखेर पुनर्विनियोजन होते आणि कोणी बंद पडत नाही.

स्मृतीच्या भागावर वाद झाला तो खर्चाचा. कर्नल स्मृतीचे ४,०९६ बाइटांचे पान हे एकक धरतो आणि प्रत्येक पानामागे एक छोटी नोंद ठेवतो. कोणते पान कोणत्या गटाच्या खाती घालायचे हे कळण्यासाठी त्या नोंदीत एक निर्देश वाढवावा लागत होता: ६४ बिटांच्या यंत्रावर ८ बाइट. म्हणजे स्मृतीच्या सुमारे ०.२ टक्के. ही रक्कम क्षुल्लक; पण ती कंटेनर न वापरणाऱ्यानेही भरावयाची. थोड्यांच्या सोयीसाठी सर्वांवर बसणारा हा उपकर कर्नलच्या जुन्याजाणत्यांना रुचला नाही. २००८ च्या अखेरीस ती नोंद वेगळ्या जागी हलविण्यात आली, आणि २०१४ मध्ये, कंटेनर सार्वत्रिक होऊ लागल्यावर, पुन्हा मूळ ठिकाणी आणली गेली. बलबीर सिंग आणि वैद्यनाथन श्रीनिवासन यांनी २००७ च्या ओटावा येथील लिनक्स परिसंवादात या अडचणींवर निबंध सादर केला होता. एखाद्या करप्रस्तावावरील साधकबाधक टिपणी वाचावी तसा तो वाचता येतो.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातील पायथॉन परिषदेत पाच-एक मिनिटांच्या भाषणात डॉकर जगापुढे आणले. भिंती आणि शिधापत्रिका आधीच तयार होत्या. डॉकरने दिले ते बिऱ्हाड हलविण्याचे सोपे साधन, आणि ‘डॉकरफाइल’ नावाची एक साधी मजकूर-धारिका, जीत बिऱ्हाड कसे थाटायचे ते पायरीपायरीने लिहिलेले असते. माझ्या दृष्टीने सारे महत्त्व त्या धारिकेला आहे. आभासी यंत्राची नक्कल ठेवता येते, पण ते यंत्र कसे बनले हे तिच्यावरून कळत नाही. तो गाठोडे बांधून ठेवण्याचा प्रकार. डॉकरफाइल नस्तीत लावता येते, तीवर प्रश्न विचारता येतात.

प्रत्यक्ष काम दोन तरुण कंत्राटी अभियंत्यांनी केले. मी टिपणी लिहिण्याच्या अटीपुरता त्यांच्यामागे होतो. अट अशी की प्रत्येक पायरीच्या वर ती का घेतली ते एका वाक्यात लिहावे. पहिली पायरी सेंटओएस ६ चे पायाभूत चित्र. दुसऱ्याच पायरीला अडले. त्या वितरणाचा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला आणि त्याच्या उपसाधनांचे नेहमीचे पत्ते बंद झाले. सारे साहित्य ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात हलविलेले. पत्ते बदलले, आवश्यक तेवढी साधने एकदाच उतरवून घेतली आणि ती स्थानिक जागी ठेवली, कारण व्हॉल्टही कायम राहील असे कोणी लिहून दिलेले नाही.

मग बिऱ्हाड थाटले, आणि ते उघडताक्षणी मिटले. काही संदेश नाही, केवळ १३९ हा अंक. हा अंक म्हणजे आज्ञावलीने स्मृतीत नको तेथे हात घातला. दोन दिवस कोबोलवर संशय घेण्यात गेले. दोष तळघरात निघाला. जुन्या लिनक्समध्ये वेळ विचारण्यासारख्या वारंवार लागणाऱ्या गोष्टींसाठी ‘व्हीसिसकॉल’ नावाची एक ठरावीक जागा होती. सुरक्षेच्या कारणास्तव नवे कर्नल ती बंद ठेवू शकतात, आणि सेंटओएस ६ मधील मूलभूत ग्रंथालय अजून त्याच जागी जाऊन दार ठोठावते. कर्नलच्या बदलांनी जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत, हा लिनुस टोरवाल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे आणि बहुतांशी तो पाळलाही जातो. येथे यंत्र सुरू करताना एक पर्याय देऊन जुनी वाट पुन्हा मोकळी करता येते. परंतु तो पर्याय संपूर्ण यंत्राला लागू होतो, एकट्या बिऱ्हाडाला नव्हे. विदाकेंद्राच्या व्यवस्थापकांनी एका जुन्या भाडेकरूसाठी साऱ्या वाड्याचा मागचा दरवाजा उघडण्यास नकार दिला. त्यांचे बरोबर होते. अखेर एक लहानसे आभासी यंत्र मागून घेतले, त्यात तो पर्याय दिला आणि बिऱ्हाड तेथे नेले. बंगल्याच्या आवारात वाडा, असा हा संसार! शुद्धतावाद्यांना तो रुचणार नाही, चालतो मात्र.

दुसरी अडचण घड्याळाची. वाड्यात घड्याळ एकच असते. कंटेनरला निराळी तारीख देता येत नाही. २०२० मध्ये लिनक्समध्ये वेळेचे नेमस्पेस आले, पण त्यात यंत्र सुरू झाल्यापासूनचा वेळ तेवढा वेगळा दाखविता येतो, भिंतीवरची तारीख नाही. आमची आज्ञावली वर्षाचे दोनच अंक ठेवी आणि ४० च्या खालचे वर्ष विसाव्या शतकातले की एकविसाव्या, हे आजच्या तारखेवरून ठरवी. त्यासाठी ‘लिबफेकटाइम’ नावाचे एक छोटे ग्रंथालय मध्ये बसविले, ते आज्ञावलीला १९९७ ची तारीख सांगते. डॉकरफाइलमध्ये या ओळीवरची टिपणी सर्वांत लांब आहे. सरकारी यंत्रावर खोटी तारीख सांगण्याचे कारण लेखी असलेले बरे.

मूळ धारिका केवळ वाचण्यापुरत्या जोडल्या, जाळ्याशी संबंध पूर्ण तोडला. आज्ञावली पत्रकाच्या मथळ्यावर ‘बंगलोर’ छापते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले असले तरी तो मथळा तसाच ठेवला.

पडताळणीसाठी अभिलेखकक्षातून १९९७-९८ ची छापील पत्रके काढली: १३२ रकान्यांचा, कडेला भोके असलेला, घड्या पडलेला कागद. निवडक प्रकरणे कंटेनरमध्ये चालवून त्या कागदाशी रुपया-रुपया ताडून पाहिली. उंबरठ्यावरची प्रकरणे मुद्दाम घेतली, १,७५० च्या किंचित वरची आणि ३,००० च्या किंचित वरची. सर्व जुळली. आमच्या अर्जदारांचे पत्रक छापील गठ्ठ्यात नव्हते, त्यांच्या गावचा गठ्ठाच नव्हता. पण अनुक्रमित धारिकेत त्यांची नोंद निघाली. मूळ १,८००, महागाई २,५९०, दिलासा ५० आणि १८०, वजन ७२०, एकूण ५,३४०. घटविण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. त्यांना पाठविलेल्या पत्राला उत्तर आले ते पाचव्या दिवशी, शाईच्या पेनाने लिहिलेले. त्यात आभार एका ओळीत होते आणि बाकीच्या पानभर, १९९७ मध्ये थकबाकी कोणत्या दराने काढली याविषयी दोन शंका.

एक भाग मात्र उभा राहिला नाही. निवृत्तिवेतनाचे पत्र हिंदीत छापण्याची सोय मूळ व्यवस्थेत होती आणि ती जिस्ट कार्डावर अवलंबून होती. जिस्टचे मूळ संशोधन आयआयटी कानपूरचे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी ते तेथे घेऊन गेले. संगणकाच्या आत, खाचेत बसविण्याचे ते एक कार्ड होते. ते बसविले की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या आज्ञावल्यांतही देवनागरी, कन्नड दिसू लागे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही लिपिसंकेतावली आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केली, तिचे बीज याच कामात आहे. ज्या काळी परदेशी कंपन्यांना आपल्या लिप्यांचे सोयरसुतक नव्हते त्या काळी पुण्याने ही सोय केली, हे मराठी माणसाने विसरू नये. पण कार्ड ही वस्तू आहे. बिऱ्हाडात भांडीकुंडी नेता येतात. भिंतीत चिणलेली तिजोरी नेता येत नाही. धारिकांतील हिंदी नावे इस्कीत होती, ती युनिकोडमध्ये उतरविता आली. पत्र छापणारा भाग तसाच मुका आहे, आणि डॉकरफाइलमध्ये तसे लिहिले आहे.

काम संपल्यावर अभिलेखकक्षाच्या प्रभारींनी विचारले, हे कोणत्या वर्गात नोंदवू? १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात संगणकाने निर्माण केलेली सामग्री अभिलेखाच्या व्याख्येत येते. आज्ञावलीने काढलेले पत्रक अभिलेख, यात शंका नाही. ते पत्रक काढणारी आज्ञावली आणि तिचे बिऱ्हाड अभिलेख आहे काय, याचा उल्लेख त्या शब्दांत नाही. सचिवालयीन पद्धतीत ‘क’ म्हणजे ठेवा व सूक्ष्मचित्रण करा, ‘ख’ म्हणजे ठेवा पण सूक्ष्मचित्रण नको, ‘ग’ म्हणजे ठरावीक मुदतीपुरते ठेवा, असे वर्ग आहेत. आज्ञावल्यांना आजवर, विचार करून वा न करता, ‘ग’ मिळत आला आहे. कित्येकांना तोही नाही, त्या यंत्राबरोबर भंगारात जातात. निवृत्तिवेतनाचा हिशेब धारकाच्या आणि त्याच्या पश्चात कुटुंबाच्या हयातीपर्यंत चालतो, म्हणजे साठ वर्षेही जाऊ शकतात. त्यास तीन वर्षांची मुदत लावणे मला पटले नाही. मी ‘ख’ लिहिले आणि कारणे दिली. संपूर्ण चित्र एका धारिकेत बांधून दोन वेगळ्या तबकड्यांवर ठेवले, तिची ६४ अक्षरांची ओळखमुद्रा टिपणीत उतरविली, डॉकरफाइल छापून नस्तीला जोडली, छापील पत्रकांचा एक गठ्ठा सोबत ठेवला म्हणजे पुढच्याला ताडून पाहता येईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची स्थापना झाली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत, बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एक प्राध्यापक सदस्य आहेत, आणि अहवालास अठरा महिन्यांची मुदत आहे. मागील निवृत्तांसाठी पुन्हा काल्पनिक निश्चितीचा मार्ग निवडला गेला तर साखळीत आणखी एक कडी वाढेल. सातव्या आयोगाची आकडेमोड आमच्याकडे ज्या आज्ञावलीवर झाली तिची माहिती मी शाखेकडून मागविली आहे: भाषा कोणती, आवृत्ती कोणती, कोणत्या यंत्रावर, कोणी लिहिली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आली आहेत. चौथ्याचे उत्तर ‘संबंधित कर्मचारी बदलून गेले’ असे आहे. त्यांचा बदलीनंतरचा पत्ता आस्थापना शाखेकडून मागविण्यात आला आहे.